पिनकोड क्षेत्रांचे नकाशे (इंदुरी, ता. मावळ)

टपाल बटवड्याची हद्द नकाशावर रेखाटून, ती कोणालाही वापरता येईल अशा खुल्या भौगोलिक माहितीच्या रूपात ठेवण्याचे काम. पिनकोड मुळात हद्द दाखवत नाही. पत्र कोणत्या डाकघराकडे वळवायचे, एवढेच तो सांगतो. म्हणूनच हे काम दिसते त्याहून अवघड आहे.

पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या मराठी टपाल अधिकाऱ्याने आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. सहापैकी पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारी जिल्ह्याचे, शेवटचे तीन डाकघराचे. हा वर्गवारी जिल्हा महसुली जिल्ह्याशी जुळेलच असे नाही. ४१० ने सुरू होणारे क्रमांक लोणावळा, तळेगाव, चाकणला आहेत, तसेच घाटाखाली रायगडातल्या कर्जत, पनवेललाही. उलट मावळचे मुख्यालय वडगाव ४१२१०६.

सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या गढीमुळे ओळखले जाणारे इंद्रायणीकाठचे इंदुरी ४१०५०७ मध्ये येते. त्याच तालुक्यातले, संताजी जगनाडे महाराजांची समाधी असलेले जवळचे सुदुंबरे मात्र देहूबरोबर ४१२१०९ मध्ये. तालुक्याचा नकाशा रंगवून पिनकोड कळत नाही, हे या दोन गावांवरून पटते.

हद्द काढण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिलीत प्रत्येक जागा सरळ रेषेत सर्वांत जवळच्या डाकघराला जोडतात. संगणक हे झटपट करतो, पण नदी त्याला दिसत नाही. पलीकडचे डाकघर जवळ भासते आणि पोस्टमनला मात्र पूल गाठावा लागतो. दुसरीत गावांच्या सीमा घेऊन एकाच पिनकोडची गावे एकत्र जोडतात. मावळासारख्या मुलखात हीच रीत अधिक विश्वासार्ह. तिथेही वाड्यावस्त्या आणि नव्या गृहसंकुलांचा बटवडा कुठून होतो, हे ग्रामीण डाकसेवकालाच विचारावे लागते.

कच्चा माल उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर देशभरातील डाकघरांची पिनकोडसह यादी मिळते. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर कोणीही घर, दुकान, शाळेच्या नोंदीत पिनकोड भरू शकतो. जर्मनीत तिथल्या स्वयंसेवकांनी देशभराच्या टपाल हद्दी याच नकाशावर रेखाटल्या. इंदुरीतल्या एखाद्या शाळेने आपल्या गावठाणापासून सुरुवात करावी, इतके हे काम आवाक्यातले आहे.

२०२५ मध्ये टपाल खात्याने आणलेला डिजिपिन सुमारे चार मीटर लांबीरुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा चिन्हांचा संकेत देतो. तो अक्षांश-रेखांशांवरून ठरतो. बटवडा कोणत्या डाकघरातून होतो हे त्यात नसते. डिजिपिन आला तरी पिनकोड रद्द झालेला नाही.