जागेवरचा आवाज

बेळगावाहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटर गेले, म्हणजे जांबोटी हे गाव लागते. तेथून पुढे कणकुंबीकडे रान दाट होत जाते. कणकुंबीस मलप्रभा उगम पावते आणि कृष्णेला मिळण्यासाठी पूर्वेची वाट धरते. त्याच खानापूर तालुक्याच्या रानात म्हादईचा जन्म होतो आणि ती मात्र पश्चिमेकडे गोव्यात उतरते. पाणी जेथे असे दोन दिशांना वाटले जाते, तेथे माणसाची वाणीही एकसुरी राहत नाही. घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि घाटाखालच्या सोयऱ्याधायऱ्यांशी कोकणी असा या मुलखातील अनेकांचा नित्याचा व्यवहार आहे.

अशा गावी दूरचित्रवाणीच्या माहितीपटासाठी एखादे पथक उतरले, की कॅमेऱ्याभोवती मुले जमतात आणि दिग्दर्शकाला गावातील प्रतिष्ठित मंडळी गाठतात. पथकातील एक इसम मात्र बहुधा बाजूला, कानांवर हेडफोन चढवून, काहीच न करता उभा असलेला दिसतो. वस्तुतः त्याचे काम तेव्हाच सुरू झालेले असते. तो गाव ऐकत असतो. पिठाची गिरणी किती वाजता बंद होते, घाट चढणाऱ्या मालमोटारी किती वेळाने येतात, ज्या पडवीत मुलाखत घ्यावयाची तिच्यामागे पाण्याचा पंप आहे काय, शाळा कधी सुटते, पाऊस आला तर कौलांवर त्याचा आवाज केवढा होईल, या सर्वांचा तो मनाशी हिशेब मांडतो. छायाचित्रकाराला नको असलेली वस्तू चौकटीबाहेर ठेवता येते. आवाजाला चौकट नसते. पाठीमागून, भिंतीपलीकडून, डोंगराआडून तो येतच राहतो.

या इसमाला व्यवहारात साउंड रेकॉर्डिस्ट म्हणतात; जागेवरचा ध्वनिमुद्रक असे त्याला मराठीत म्हणता येईल. त्याच्या धंद्याचा इतिहास शंभर वर्षांच्या आतबाहेरचा आहे, पण त्यातील उलटापालट विलक्षण आहे.

आरंभी यंत्र माणसाकडे जात नसे, माणसाला यंत्राकडे यावे लागे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तज्ज्ञ कलकत्त्यास आला आणि गौहरजानचे गाणे त्याने मेणाच्या तबकडीवर उतरविले. कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन, आवाज चढवून गावे लागे. विजेचा ध्वनिक्षेपक, म्हणजे माइक, तेव्हा या कामात यावयाचा होता. त्याच सुमारास जॉर्ज ग्रियर्सन याच्या भाषा-पाहणीचे काम चालू होते. मराठीच्या बोलींचा त्याचा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. गावोगावच्या बोलींत एकच उधळ्या मुलाची गोष्ट लिहून घ्यावयाची, अशी त्याची रीत होती. पुढे या पाहणीसाठी काही प्रांतांत तबकड्याही काढण्यात आल्या. परंतु कागदावर शब्द उतरतो, स्वर उतरत नाही. बेळगावकडच्या ‘ये की’, ‘बस की’ यांमधील ‘की’ लिहिला तर तो एका अक्षराचा शब्द. ऐकला तर त्यात आग्रह आहे, जवळीक आहे आणि थोडी दटावणीही आहे.

भारतीय बोलपट सुरू झाला तो मात्र जागच्या आवाजानेच. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यासाठी आणलेल्या यंत्रात चित्र आणि ध्वनी एकाच फितीवर, एकाच वेळी उमटत. मागाहून दुरुस्तीची सोय नव्हती. ती यंत्रणा बसविण्यास विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकन तंत्रज्ञ आला होता. त्याच्याकडून शिकून घेऊन अर्देशीर इराणी यांनी पुढचे ध्वनिमुद्रण स्वतः केले. स्टुडिओजवळून आगगाड्या धावत, म्हणून चित्रण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर करीत. माइक पात्रांच्या आसपास दडवून ठेवीत आणि गाण्यांचे वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसत. आगगाडीचे वेळापत्रक पाहून कलेची वेळ ठरविण्याचा हा प्रसंग हास्यास्पद वाटेल. पण जांबोटीच्या पडवीत मालमोटार जाण्याची वाट पाहणारा आजचा ध्वनिमुद्रक त्याच परंपरेतला आहे.

मराठीचा पहिला बोलपट या सीमाभागाच्या उंबरठ्यावरच जन्मला. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी पडद्यावर आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दामले बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. परदेशी कॅमेरा न मिळाला तर घरी बनविणाऱ्या त्या कोल्हापुरी कारखान्यात शिकलेल्या माणसाने नवे ध्वनियंत्रही आपलेसे केले, यात नवल नाही. पुढे १९३६ साली ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शन त्यांनी फत्तेलाल यांच्यासमवेत केले. त्या चित्रपटातील बोलणे घरातल्यासारखे, सहज वाटते. दिग्दर्शकांपैकी एकाचा कान ध्वनिमुद्रकाचा होता, हे त्यामागचे एक कारण मानावयास हरकत नाही.

येथून पुढे वाट वळली. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायनाची प्रथा पाडली. गाणे आधी मुद्रित करावयाचे, नट ओठ हलविणार. गाण्यामागून हळूहळू बोलणेही गेले. चित्रण स्टुडिओबाहेर, काश्मिरात आणि समुद्रकाठी होऊ लागले. हाती धरण्याजोगे हलके कॅमेरे आले, पण ते शिवणयंत्रासारखे खडखडत. बघ्यांची गर्दी आवरेना. तेव्हा जागेवर केवळ अदमासासाठी आवाज घ्यावयाचा आणि मुंबईच्या बंद खोलीत नटांकडून तेच संवाद पुन्हा म्हणवून घ्यावयाचे, हे डबिंग रूढ झाले. ते सोयीचे होते, स्वस्त होते, आणि कित्येक नटांनी त्यात असामान्य कौशल्य मिळविले, हे नाकारता येत नाही. मात्र त्या बंद खोलीत कोणतेही गाव नसे. पडद्यावर नदीकाठ आणि कानात पोकळ निवांतपणा, याची प्रेक्षकाला इतकी सवय झाली की खरा नदीकाठ ऐकविला असता तर तोच दोष वाटला असता.

खरे नुकसान बोलींचे झाले. खानापूर तालुक्यातील म्हातारा पडद्यावर आला तरी त्याची वाणी पुण्या-मुंबईत पक्की केलेली. ग्रामीण म्हणून ओळखू यावी एवढी एक ठरावीक ढबीची मराठी तयार झाली आणि सातारा, कोल्हापूर, निपाणी, जांबोटी येथील सर्व माणसे तीच बोलू लागली. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या वादात लोकसंख्येचे आकडे, शाळांच्या पाट्या आणि कागदपत्रे पुराव्यासाठी मांडली गेली. ज्यांच्या भाषेविषयी हा सारा वाद, त्यांचे चालते बोलणे मात्र फारच थोड्या फितींवर आहे. त्या बोलण्यात मराठी आणि कन्नड ज्या खेळीमेळीने नांदतात, ती खेळीमेळी दोन्ही पक्षांच्या कागदांत सापडत नाही.

या रानांना ध्वनियंत्राची ओळख अगदीच नवी नव्हती. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत गोवामुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र प्रथम आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या जंगलातून चालविले. कॅसलरॉक खानापूर तालुक्याच्या दक्षिण बाजूस, याच डोंगररांगेत आहे. त्या केंद्राचे सारे यश आपली जागा लपविण्यात होते. जागेवरच्या ध्वनिमुद्रकाचे नेमके उलट आहे. आवाज कोठला, हे कळले नाही तर त्याचे काम फसले.

त्याला जागेवर परत आणले ते स्टेफान कुडेल्स्की या मूळ पोलंडच्या अभियंत्याने. स्वित्झर्लंडमध्ये त्याने बनविलेल्या नाग्रा यंत्राची तिसरी आवृत्ती १९५८ साली निघाली. खांद्याला अडकविता येणारे, बॅटरीवर चालणारे आणि फितीचा वेग कॅमेऱ्याशी इमानाने जुळविणारे हे यंत्र होते. नाग्रा या पोलिश शब्दाचा अर्थ ‘मुद्रित करील’ असा आहे. जगभरच्या माहितीपटांचे स्वरूप त्याने पालटले. आपल्याकडे पुण्यास, प्रभातच्याच जुन्या जागेत, १९६० साली चित्रपटशिक्षणाची शासकीय संस्था निघाली आणि तेथे शिकलेले ध्वनिमुद्रक धंद्यात उतरू लागले.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरचित्रवाणीला व्हिडिओची फीत लाभली, तेव्हा बाहेरच्या चित्रणात फीत फिरविणारे यंत्र कॅमेऱ्याहून वेगळे असे. ते पुष्कळदा ध्वनिमुद्रकाच्याच खांद्यावर असे आणि कॅमेऱ्याशी तो जाड तारेने बांधलेला असे. शेताच्या बांधावरून दोघांनी एका तारेने जोडलेल्या बैलजोडीप्रमाणे पावले टाकावयाची, त्यात एक अडखळला की दुसरा थांबे. १९८२ साली सोनीने कॅमेरा आणि फितीचे यंत्र एकत्र केले. तार सुटली, ओझे उतरले, आणि हिशेबनीसांच्या ध्यानात आले की आता एका माणसाचा पगारही वाचविता येईल. बातम्यांच्या पथकांतून ध्वनिमुद्रक हळूहळू नाहीसा झाला. कॅमेऱ्यावरच एक माइक लावला, म्हणजे भागले, असा समज रुळला.

तो समज कोठे चुकतो, ते साध्या गणिताने कळते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ चित्रे असतात. म्हणजे बोलणारा चौदा मीटर दूर असेल, तर त्याचा शब्द कॅमेऱ्यावरच्या माइकला एक चित्र उशिरा पोचतो. हे एक वेळ सावरता येईल. पण वाटेत त्या शब्दाला वारा, कोंबडा आणि जनरेटर मिळालेले असतात, त्यांना वेगळे कोण करणार? म्हणून लांब काठीच्या टोकाला माइक लावून तो बोलणाऱ्याच्या डोक्यावर, चौकटीच्या काठाला जेमतेम न शिवता धरावयाचा असतो. दुसरा छोटा माइक सदऱ्याच्या आत. म्हाताऱ्या आजींच्या लुगड्याच्या पदराआड तो लावावयाचा तर प्रथम त्यांच्या सुनेची मदत घ्यावी लागते. ही मर्यादा कोणत्याही पुस्तकात शिकवीत नाहीत.

चित्रपटात जागचा आवाज ठळकपणे परतला तो २००१ च्या ‘लगान’पासून. भुजजवळच्या उघड्या माळावर, शेकडो माणसांच्या जमावात नकुल कामटे यांनी त्याचे ध्वनिमुद्रण केले. २००९ सालच्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पुरस्कारांत जागेवरच्या ध्वनिमुद्रकासाठी स्वतंत्र पारितोषिक आले. २०१४ च्या चित्रपटांतून ते महावीर सब्बनवाल यांना ‘ख्वाडा’ या मराठी चित्रपटासाठी मिळाले. धनगराच्या भटकंतीची ती कथा, मेंढरांच्या कळपासह, बंद खोलीत बोलविता आली नसती. पुढे ‘तेंडल्या’लाही हा मान लाभला. २०२२ साली हेच पारितोषिक ‘डोळ्ळु’ या कन्नड चित्रपटाला जाहीर झाले, तेव्हा त्याचे संवाद मागाहून भरलेले आहेत, असा आक्षेप ध्वनिक्षेत्रातील मंडळींनी उघडपणे घेतला. खरा आणि बनविलेला आवाज ओळखणे किती बिकट झाले आहे, हे या प्रकरणातून दिसले. त्यानंतर पुरस्कारांची फेररचना होऊन २०२२ च्या चित्रपटांपासून ध्वनीची निरनिराळी पारितोषिके एकाच ध्वनिसंयोजनाच्या पारितोषिकात विलीन झाली. तेरा वर्षांचा स्वतंत्र मान संपला. पाच-सहा कारागिरांचे काम एका नावाखाली गेले, की उन्हात काठी धरून उभा राहिलेला सर्वांत आधी विसरला जातो.

या धंद्याची एक अडचण गावाच्या बाजूनेही पाहावयास हवी. शांततेसाठी ध्वनिमुद्रक गिरणी थांबवितो, पंप बंद करावयास लावतो, मुलांना दूर पाठवितो. गिरणीवाल्याची ती अर्ध्या तासाची मजुरी कोणी द्यावयाची? जाणते ध्वनिमुद्रक आधी गिरणीवाल्यालाच विचारतात आणि त्याच्या जेवणाच्या सुट्टीत मुलाखत लावून घेतात.

काम संपले, दिवे उतरले, तरी एक विधी उरतो. ध्वनिमुद्रक सर्वांना जागच्या जागी उभे राहावयास सांगतो आणि एक मिनिटभर नुसती जागा मुद्रित करतो. संकलनात दोन वाक्ये जोडताना मध्ये जी फट पडते, ती याच मिनिटाने बुजवावी लागते. दुसऱ्या गावची शांतता तेथे चालत नाही. जांबोटीच्या पडवीत त्या मिनिटात रातकिडे असतात, वळचणीचे थेंब असतात, लांब घाटात गिअर बदलणारी मालमोटार असते, आणि मुलाखत संपली असे समजून आतल्या चुलीपाशी आजी सुनेला हळू आवाजात काहीतरी सांगत असतात. पथकातील कोणी त्यांना गप्प करावयास निघाला, तर ध्वनिमुद्रक हात वर करून त्याला थांबवितो, आणि फीत चालू ठेवतो.