चार सूत की बारा मिलिमीटर?

पेडणे आणि बांदा यांत अंतर ते किती! सोयरिकी इकडून तिकडे, दशावतारही दोन्हीकडचा एकच. पण १९६१ पूर्वी या दोहोंमधली सीमा केवळ जकातीची नव्हती, मापांचीही होती. पोर्तुगालने १८५२ च्या हुकुमाने मीटर-पद्धत स्वीकारली होती. पलीकडे इंग्रजी अमलाखालच्या मुलखात इंच-फूट चालत. भात दोन्हीकडे कुडवा-खंडीनेच मोजले जाई, त्यामुळे शेतकऱ्याला हा भेद फारसा जाणवला नसेल. तो जाणवला आटे पाडणाऱ्या फिटरला.

नटात आटे पाडायचे तर आधी ड्रिलने भोक पाडून त्यात टॅप फिरवतात. बोल्टासाठी सळीवर डाय फिरवतात. इंग्लंडात पूर्वी कारखान्यागणिक आटे निराळे असत. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीला इंचामागे ठरावीक आटे, असा नियम सुचवला. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा कोन मांडला. मिलिमीटरच्या आट्यांनीही पुढे ६० अंशच घेतले. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांचे सुटे भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा कुठे १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी 'युनिफाइड' आटे मान्य केले.

गोव्यात हे सारे प्रवाह एकत्र आले. मुरगावची रेल्वे ब्रिटिश कंपनीने बांधली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून डिचोलीच्या खाणींवर परदेशी यंत्रे आली. मुक्तीनंतर भारतीय माल आला. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारली होती, तरी इंची बोल्ट बाजारात होतेच. आमच्या शाळेच्या पालकांत खाणीवरचे फिटर पुष्कळ होते. अर्ध्या इंचाला ते 'चार सूत' म्हणत, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

आता भोक केवढे पाडावे? बोल्टाच्या जाडीएवढे पाडले तर आट्यांना धातूच उरत नाही. सोपा नियम असा, की जाडीतून पीच, म्हणजे दोन लगतच्या आट्यांमधले अंतर, वजा करावे. १२ मिलिमीटरच्या साध्या बोल्टाचा पीच १.७५ असतो, उत्तर १०.२५, म्हणून १०.२ चे ड्रिल. चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर. व्हिटवर्थच्या पद्धतीत त्याला इंचामागे १२ आटे असतात, म्हणून कोष्टकात १०.५ चे ड्रिल दिलेले असते. युनिफाइडच्या जाड आट्यांत तेच १३ होतात, आणि ड्रिल १०.८ चे लागते. डोळ्यांना सारखे दिसणारे तीन बोल्ट, पण भोके तीन! भोक लहान पडले तर टॅप आत अडकून मोडतो. मोठे पडले तर आटे उथळ राहतात आणि ताण येताच सोलून निघतात. सळीचेही तसेच. डायखाली धातू किंचित फुगतो, म्हणून १२ च्या बोल्टाला सुमारे ११.८ ची सळी घेतात.

गंमत अशी, की पाव इंच, तीन सूत, सहा सूत या मापांत व्हिटवर्थ आणि युनिफाइड यांचे इंचामागचे आटे सारखेच असतात. फरक फक्त कोनाचा. त्यामुळे नट चढतो आणि माणूस फसतो. म्हणून जुने फिटर आधी पीच-गेज लावत, मगच पाना उचलत.

२०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबले, तेव्हा अनेक हातांचे काम गेले. त्या हातांतले हे ज्ञान कुठल्या वहीत उतरलेले नाही. आमची मुले तांत्रिक शिक्षणाला जातात, तिथे त्यांना कोष्टक मिळते. पण एकाच खोक्यात तीन जातींचे बोल्ट का सापडतात, याचे उत्तर कोष्टकात नसते. ते आपल्या इतिहासात आहे. वाचकहो, घरात कुणी जुना फिटर असेल, तर या दिवाळीत त्याला आपल्या नातवंडांपुढे बसवा, आणि कोणत्या बोल्टाला कोणते ड्रिल लागते ते त्यांच्याकडून लिहून घ्या. दशांश अपूर्णांकाचा याहून चांगला धडा मला वर्गात सापडलेला नाही.