मोहाचे फूल कोणाचे?

माघ उतरू लागला की ईस्टरच्या सणापर्यंत सिल्वासाच्या भोवतालच्या रानांत तीन वृक्ष एकामागून एक फुलत जातात. काटेसावर लाल होते, पळस केशरी होतो आणि अखेरीस मोह येतो. पहिल्या दोघांचा बहर कोसभर अंतरावरून डोळ्यांत भरतो. मोहाचा मात्र डोळ्यांच्या आधी नाकाला कळतो. एकाच मातीत वाढलेल्या या झाडांची फुले इतकी निरनिराळी का असावीत? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर हाती यावयास युरोपातील शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षे लागली.

त्या शोधाचा आरंभ एका शिक्षकाने केला. ख्रिश्चन कोनराड श्प्रेंगेल हे जर्मनीतील स्पांडाऊ येथल्या शाळेचे प्रमुख. १७८७ साली एका रानफुलाच्या पाकळ्यांच्या तळाशी त्यांना बारीक केस दिसले. हे केस पावसाच्या थेंबांपासून मकरंदाचे रक्षण करतात, असे त्यांच्या ध्यानी आले. मग मकरंद कोणासाठी? कीटकांसाठी. आणि पाकळ्यांवरील ठिपके व रेषा? त्या मकरंदाची वाट दाखविणाऱ्या खुणा. साडेचारशेहून अधिक जातींची फुले पारखून १७९३ साली त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची कोणी विशेष दखल घेतली नाही. उलट, कर्तव्यात हयगय केल्याचा ठपका येऊन पुढील वर्षी त्यांना शाळा सोडावी लागली.

हा उपेक्षित ग्रंथ १८४१ साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून चार्ल्स डार्विनच्या हाती पडला. श्प्रेंगेलला योजना दिसली होती. ती घडली कशी, हे डार्विनने सांगितले. एकाच जातीच्या फुलांतही थोडाफार भेद असतो. ज्या फुलाचा आकार, रंग वा गंध येणाऱ्या पाहुण्याला अधिक सोयीचा, त्याचे पराग दुसऱ्या झाडापर्यंत अधिक पोहोचतात, त्याचे बी अधिक धरते आणि तोच गुण पुढच्या पिढीत उतरतो. फूल काही ठरवीत नाही. असंख्य पिढ्यांची निवड त्याला घडविते. १८६२ साली मादागास्करच्या एका आमरीचे फूल पाहून डार्विनने भाकीत केले की, जिची मकरंदनळी सुमारे २९ सेंटिमीटर लांब आहे, तिच्यासाठी तेवढ्याच लांब सोंडेचा पतंगही तेथे असलाच पाहिजे. डार्विन १८८२ साली वारला. त्या पतंगाची नोंद १९०३ साली झाली!

आता ही दृष्टी घेऊन आपल्या रानाकडे परत येऊ. मधमाशीला रंग ओळखता येतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ साली सिद्ध केले. परंतु निव्वळ लाल रंग तिला दिसत नाही. सह्याद्रीच्या उतारांवर बऱ्याच वर्षांच्या अंतराने फुलणारी कारवी निळी-जांभळी असते, आणि तिच्यावर मधमाश्यांचे थवे लोटतात. पक्ष्यांना लाल रंग उत्तम दिसतो, पण वासाचे त्यांना फारसे आकर्षण नसते. म्हणून पळसाचे फूल रंगाने भडक, गंधाने जवळजवळ रिते आणि चोचीचा धक्का सोसेल इतके जाड असते. शिंजीर पक्षी त्याचा मकरंद पिताना परागही नेतो. निशिगंधाचा पाहुणा रात्रीचा पतंग. त्यामुळे तो पांढरा, लांब नळीचा आणि सायंकाळी दरवळणारा. निसर्गाचे हे कप्पे अर्थात बंदिस्त नाहीत. सावरीवर दिवसा मैना, कावळे व कोतवाल येतात, तर रात्री वटवाघळेही येतात.

मोहाचे नाते मुख्यतः या वटवाघळांशीच आहे. त्याची फुले फांद्यांच्या टोकांशी झुबक्यांनी लोंबतात आणि तेव्हा झाडावर पाने जवळजवळ नसतात. पंखांना अडथळा होत नाही. अंधारात रंगाचा उपयोग नाही, म्हणून वास उग्र. पाकळ्यांची जुळून झालेली कुपी मांसल व गोड असते. वटवाघूळ ती खावयास येते आणि अंगाच्या लोकरीला लागलेले पराग दुसऱ्या झाडावरील फुलांच्या टोकाला लावून जाते. पहाटे कुपी गळून पडते, बीजकोश मात्र फांदीवरच राहतो. म्हणजे आपल्या वारली बांधवांच्या टोपलीत जे येते, ते फुलाने पाहुण्यासाठी वाढलेले पान होय. त्यातून झाडाचे काही जात नाही.

माणसाने या फुलाचा विचार निराळ्याच रीतीने केला. १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला. सरकारच्या लेखी ते फूल म्हणजे केवळ चोरटी दारू. नगर हवेली त्या काळी पोर्तुगीज अमलाखाली असल्याने तो कायदा येथे आला नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे, एखाददुसरा अपवाद सोडता, उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसली. जो प्राणी मोहाचे पराग वाहतो, आणि फळे दूर नेऊन त्याचे बीही पसरतो, त्याला पन्नास वर्षे कायद्याचे अभय नव्हते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली.

कायदा सुधारला, ही आनंदाची गोष्ट. परंतु दादरा व नगर हवेलीच्या सुमारे ४९१ चौरस किलोमीटर भूमीत आज कारखाने, रस्ते आणि दिवे वाढत आहेत. वटवाघळांना दिवसा लटकावयास जुने, उंच वृक्ष लागतात. असा एखादा वड वा चिंच तोडताना आपण फक्त लाकूड मोजतो. त्या झाडावरून रात्री उडून कोण किती मोहांना फळ धरवीत होते, ते कोणत्याच हिशेबात येत नाही. मोह दीर्घायुषी आहे. पाहुणे येईनासे झाले तरी तो अनेक वर्षे फुलत राहील, टोपल्याही भरतील, आणि उणीव कोणाला जाणवणार नाही. जाणवेल ती पुढच्या पिढीला, जेव्हा म्हाताऱ्या मोहाखाली त्याचे रोप सापडणार नाही.