सुसरबाईची पाठ आणि डॉल्फिनचे हसू

माणगावहून श्रीवर्धन किंवा दिवेआगरला निघालेले पर्यटक म्हसळ्याला थांबतात ते बहुधा चहापुरते. तालुक्याचे ठिकाण असले तरी येथून उघडा समुद्र दिसत नाही. राजपुरीच्या खाडीचा एक फाटा आत शिरत म्हसळ्यापर्यंत येतो, एवढाच गावाचा समुद्राशी संबंध. मुरुड, म्हसळा आणि श्रीवर्धन हा सिद्दीच्या जंजिरा संस्थानाचा मुलूख. ते संस्थान १९४८ साली विलीन झाले. पुढे १९७० नंतर तेलाच्या पैशावर आखातातील शहरे उभी राहू लागली, तेव्हा या पट्ट्यातील, विशेषतः कोकणी मुसलमान घरांतील, कितीतरी माणसे तिकडे नोकरीला गेली. त्यामुळे या भागातल्या घरांत सुटीचे बेत चालू असताना दुबईचे नाव पुण्यामुंबईइतक्याच सहजपणे निघते. मुलांना डॉल्फिन पाहायचे असतील, तर दोन वाटा समोर येतात. दिवेआगर किंवा पलीकडे हर्णैच्या बाजूला होडीत बसावे आणि पाण्यावर एखादी करडी पाठ दिसली तर पाहावी, ही एक. दुबईच्या तलावात पैसे भरून उतरावे, डॉल्फिनला हात लावावा, त्याच्या पराला धरून थोडे ओढून घ्यावे आणि छायाचित्र घेऊन बाहेर यावे, ही दुसरी.

ही निवड खर्चाची आणि सोयीची आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. आम्हांस तीत साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे काही दिसते. डॉल्फिनच्या पाठीवर बसण्याची ही हौस आपल्याकडे बाहेरून आली, आणि येताना एक फार जुनी गोष्ट अर्धीच घेऊन आली.

ग्रीकांच्या गोष्टीत डॉल्फिन तारणारा आहे. एरिऑन नावाच्या गायकाला खलाशी लुबाडतात, तो समुद्रात उडी घेतो, आणि डॉल्फिन त्याला पाठीवर घेऊन किनाऱ्याला पोचवतो, असे हिरोडोटसने नोंदविले आहे. आपल्याकडे पाण्यातल्या प्राण्याच्या पाठीवर बसण्याची जी प्रसिद्ध गोष्ट आहे, ती अगदी उलट्या दिशेने जाते. जातकांतील सुंसुमार वानराला पाठीवर घेतो तो त्याचे काळीज खाण्यासाठी. वानर वाचतो तो 'काळीज झाडावर राहिले' या थापेमुळे. पंचतंत्रातही हीच कथा येते. संस्कृतातला 'शिशुमार' हा शब्द कोठे मगरीच्या जातीचा वाटतो, कोठे गंगेतल्या डॉल्फिनचा. हिंदीत गंगेच्या डॉल्फिनला 'सूँस' म्हणतात, बंगालीत 'शुशुक'. मराठीत त्याच कुळातला 'सुसर' हा शब्द मात्र मगरीकडे गेला. आणि सुसर म्हटली की आपल्याला म्हण आठवते: 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ.' खरखरीत पाठीला मऊ म्हणणारा माणूस अडलेला असतो. पाठीवर बसणाऱ्याच्या मनात प्रेम असते असे ही म्हण मानत नाही.

भागवतात शिशुमाराच्या आकारात सारे तारामंडळ कल्पिले आहे, अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांच्या यादीत 'गंगापुपुटक' येतो आणि तो गंगेतला डॉल्फिन असावा असे अनेक अभ्यासक मानतात. पण हे सारे नदीचे झाले. समुद्रातल्या डॉल्फिनबद्दल मराठी ललित साहित्य जवळजवळ मुके आहे. मालवणकडचे मच्छीमार त्याला 'गादा' म्हणतात. या शब्दाभोवती कथा नाही, आरती नाही, लाडिक विशेषण नाही. जाळ्यातली मासळी ओढणारा, जाळे फाडणारा एक मोठा प्राणी, एवढीच त्याची ओळख. पर्यटन आले तेव्हा मात्र पाट्यांवर 'गादा सफर' लिहिले गेले नाही. 'डॉल्फिन सफर' लिहिले गेले. शब्दाबरोबर त्याचे हसूही आले.

हे हसू म्हणजे जबड्याची ठेवण आहे. डॉल्फिनच्या चेहऱ्यावर भाव दाखविणारे स्नायू आपल्यासारखे नसतात. आजारी डॉल्फिन हसत असतो, मेलेलाही हसत असतो. या एका शारीरिक योगायोगाने जितके गैरसमज पोसले, तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्राण्याच्या वाट्याला आले असतील.

आता ती जुनी गोष्ट. धाकट्या प्लिनीने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कॅनिनियस नावाच्या आपल्या कविमित्राला एक पत्र लिहिले. उत्तर आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशियातील बिझर्त येथे, हिप्पो नावाची रोमन वसाहत होती. तिथली मुले पोहण्याची शर्यत लावत. किनारा आणि सोबती यांना जो सर्वांत दूर मागे टाकील तो जिंकला. असाच एक मुलगा फार पुढे गेला असता त्याला डॉल्फिन भेटला. कधी पुढे, कधी मागे, मग भोवती फिरून अखेर खालून वर येत त्याने मुलाला पाठीवर घेतले, आधी खोल समुद्राकडे नेले आणि मग परत किनाऱ्याला आणून सोडले. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गर्दी. डॉल्फिन आला तशी मुले पळाली. तो पुन्हा आला, पुन्हा आला. समुद्राच्या काठी वाढलेल्या माणसांना हळूहळू आपल्याच भीतीची लाज वाटू लागली. ती जवळ गेली, हात लावू लागली. पहिला मुलगा पुन्हा त्याच्या पाठीवर बसू लागला. आणखी एक डॉल्फिन सोबतीला येई, पण तो कोणाला जवळ येऊ देत नसे; नुसता पाहत असे आणि पोचवायला येत असे. आम्हांस हा दुसरा डॉल्फिन या पत्रातले सर्वांत सुंदर पात्र वाटतो. सर्व प्रेक्षकांत शहाणा प्रेक्षक तोच.

पुढचा भाग पर्यटनाच्या जाहिरातीत कधी येत नाही. प्रांताधिपतीचा एक सहायक अधिकारी भक्तिभावाच्या भरात किनाऱ्यावर आलेल्या त्या डॉल्फिनच्या अंगावर सुगंधी लेप ओततो. त्या परक्या वासाने बावरून तो खोल समुद्रात निघून जातो, कित्येक दिवसांनी दिसतो तो मलूल, मग सावरतो. इकडे हा चमत्कार पाहायला प्रांतातले सारे अधिकारी येऊ लागतात. त्यांची सरबराई गावाने करायची. लहानशा वसाहतीची तिजोरी रिकामी होऊ लागली, गावाची शांतता गेली. तेव्हा ठरले की ज्याच्यासाठी ही गर्दी होते, त्याला गुपचूप मारून टाकावे. मारले.

प्लिनी हे सारे सांगतो आणि मित्राला म्हणतो की, तू याच्यावर कविता लिही. विषय खरा आहे पण काल्पनिक वाटावा असा आहे. साहित्याच्या वर्गात हे पत्र करुणरसाचे उदाहरण म्हणून वाचता येईल. आमच्या मते ते हिशेबाच्या वहीसारखेही वाचले पाहिजे. त्या डॉल्फिनला क्रौर्याने मारले नाही. पाहुणचाराच्या खर्चाने मारले. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांची संख्या गावाला परवडेनाशी झाली.

ही गोष्ट एकदाच घडली असती, तर तिला दंतकथा म्हणून बाजूला ठेवता आले असते. पण न्यूझीलंडमध्ये ओपोनोनी नावाच्या लहान गावी १९५५–५६ च्या उन्हाळ्यात एक तरुण डॉल्फिन किनाऱ्यालगत येऊन मुलांबरोबर खेळू लागला. लोकांनी तिचे नाव 'ओपो' ठेवले. हजारो माणसे मोटारी घेऊन त्या गावात लोटली. तिला कोणी इजा करू नये म्हणून सरकारने कायदेशीर संरक्षण दिले. ते ८ मार्च १९५६ रोजी अमलात आले. ९ मार्चला ओपो मेलेली सापडली. कारण निश्चित झाले नाही.

हिप्पो आणि ओपोनोनी येथे डॉल्फिन आपण होऊन आला होता. पुढच्या उद्योगाला हे 'आपण होऊन' सोयीचे नव्हते. फ्लोरिडात १९३८ साली 'मरीन स्टुडिओज' उघडले, तेथे डॉल्फिन टाकीत ठेवून दाखविता येतात हे कळले. 'फ्लिपर' हा चित्रपट १९६३ चा, दूरचित्रवाणी मालिका १९६४ पासून १९६७ पर्यंतची. तिने जगभरच्या मुलांच्या मनात डॉल्फिन म्हणजे घरचा हुशार कुत्रा, फक्त पाण्यातला, अशी प्रतिमा ठसविली. मालिकेतल्या डॉल्फिनना शिकविणारा रिक ओबॅरी १९७० साली त्यांपैकी एका डॉल्फिनच्या मृत्यूनंतर या साऱ्या धंद्याविरुद्ध उभा राहिला आणि पुढचे आयुष्य त्यातच घालविले. धंदा मात्र थांबला नाही. प्रेक्षकाला बाकावरून उठवून पाण्यात उतरविले की तिकीट अनेक पटींनी वाढते, हे ध्यानात आल्यावर 'डॉल्फिनसोबत पोहणे' हा स्वतंत्र माल झाला.

दुबईच्या वाटेचा उगम पाहायचा तर २००७ साली यावे लागते. त्या वर्षी पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांच्या समुद्रात पकडलेले २८ डॉल्फिन विमानाने दुबईला नेण्यात आले. दुबईच्या ज्या भव्य हॉटेलासाठी ते नेले ते २००८ मध्ये उघडले. वानराच्या गोष्टीत पाठीवर बसणाऱ्याचे काळीज मागितले गेले होते. येथे पाठ देणाऱ्याचा समुद्र घेतला गेला, आणि त्याला थाप मारून सुटण्याची सोय नव्हती.

भारतात हा माल आला होता, हे पुष्कळांच्या लक्षात नाही. १९९८ साली चेन्नईजवळच्या एका उद्यानात बल्गेरियातून डॉल्फिन आणले गेले. सहा महिन्यांच्या आत ते मेले. नंतरही अनेक ठिकाणी डॉल्फिन-उद्यानांचे बेत निघाले. १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून अशा उद्यानांना परवानगी देऊ नये असे राज्यांना कळविले. त्या परिपत्रकात डॉल्फिनला मानवेतर 'व्यक्ती' मानावे, या शास्त्रज्ञांच्या मताचा उल्लेख आहे. सरकारी कागदात व्यक्तित्वाची ही चर्चा यावी, याचे आम्हांस आजही नवल वाटते. अर्थात ज्या घराला पारपत्र आणि व्हिसा अवघड नाही, त्याच्यासाठी हे परिपत्रक विमानतळापर्यंतच लागू आहे.

मग आपल्या किनाऱ्याचे काय? येथे सर्वांत जास्त दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन. कुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२९ साली मलबार किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले आणि शिशाच्या रंगावरून त्याला नाव दिले. तो वेगळी जात आहे हे २०१४ मध्ये मान्य झाले, आणि आज तो जागतिक यादीत 'संकटग्रस्त' आहे. उथळ, गढूळ पाणी, खाड्यांची तोंडे, किनाऱ्यापासूनचे थोडके मैल, हा त्याचा मुलूख. म्हणजे नेमका तोच, जिथे जाळी लागतात, होड्या फिरतात आणि बंदरे होतात. त्याच्यासोबत पोहण्याचा प्रश्नच येत नाही: पाण्यात हातभर पुढचे दिसत नाही आणि तो माणसाजवळ येत नाही. हिप्पोच्या त्या दुसऱ्या डॉल्फिनच्या वळणाचा आहे म्हणा.

मच्छीमारांचा गादा हा शब्द आम्हांस प्रामाणिक वाटतो, पण त्यावरून मच्छीमारीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. या जातीचा सर्वांत मोठा शत्रू पर्यटक नव्हे. जाळ्यात अडकून होणारा मृत्यू हा आहे, आणि तेथे कोणाचा द्वेषही नसतो. पर्यटकाच्या होडीने त्यात भर पडते ती वेगळ्या रीतीने. पाठ दिसली की चार होड्या इंजिनांचा आवाज करीत तिकडे वळतात, तो बुडी मारतो, पुन्हा दिसतो, पुन्हा होड्या वळतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबर प्राण्याला हाकणे आणि आमिष दाखविणे हेही येते, हे होडीवाल्याला आणि होडीत बसणाऱ्याला दोघांनाही सहसा ठाऊक नसते.

बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळास येथे २००२ पासून कासवांच्या अंड्यांचे रक्षण चालू आहे. तेथे पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला येणारा पाहुणा दोरीच्या अलीकडे उभा राहतो, हात लावत नाही, आणि पिल्ले निघाली नाहीत तर तसाच परततो. वेळासच्या घरांना त्यातून पैसाही मिळतो. म्हसळ्याहून निघालेल्या कुटुंबाला हे फार लांब नाही.

होडीने जायचे ठरलेच, तर नावाड्याला निघण्यापूर्वीच सांगावे की भाडे पुरे देऊ, गादा दिसो वा न दिसो. दाखविण्याची हमी मागितली की त्याला पाठलाग करावा लागतो. हमी नको म्हटले की त्याला इंजिन बंद करून थांबता येते. आणि पाणी शांत असेल तर आधी ऐकू येतो तो श्वास, पाठ त्यानंतर दिसते.