चाड्यावरची मूठ

खंडेनवमीला पुण्याच्या सदनिकेत पूजेला मांडण्यासारखी हत्यारे ती कोणती असणार? एक पाना, दोन पेचकस, सौभाग्यवतींची शिवणाची कात्री, आणि नातवाच्या हट्टाखातर त्याचा संगणक! यंदा मात्र त्या रांगेत मी आणखी एक वस्तू नेऊन ठेवली. माळ्यावरच्या ट्रंकेत ती कित्येक वर्षे जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पडली होती. बाभळीचे लाकूड कोरून केलेला, हाताच्या घर्षणाने आतून गुळगुळीत झालेला, ओंजळीहून थोडा मोठा असा तो वाडगा. नातवाने तो उचलला, उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "आजोबा, ह्याला तर खाली तीन भोकं आहेत! ह्यात काय राहणार?"

"काहीच राहू नये म्हणून तर ती भोकं आहेत," मी म्हणालो.

वाचकांपैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले असेल त्यांनी ओळखले असेलच. ते चाडे होते, आमच्या तिफणीचे. घोडनदीच्या काठच्या आमच्या वाडीत माझी आजी चाळीस वर्षे त्या चाड्यावर मूठ धरीत होती. त्या एका वाडग्याने मला जो धडा शिकविला, तो माझ्या साऱ्या यंत्रविद्येने शिकविला नाही. त्याचीच ही हकीकत आहे. पण ती नीट उमगायची तर आधी थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

पाभर म्हणा, तिफण म्हणा, रचना एकच. आडव्या दिंडात बसविलेले तीन किंवा चार फण, प्रत्येक फणाला मागून भोक, त्या भोकात खोचलेली बांबूची नळी, आणि साऱ्या नळ्यांची वरची तोंडे जिथे एकत्र येतात तिथे हे चाडे. बैल पुढे चालतात, फण जमिनीत तास काढतात आणि मागून चालणारी बाई मुठीतले बी बोटांच्या फटीतून चाड्यात सोडीत जाते. चाड्यातून ते नळ्यांत, नळ्यांतून थेट ओल्या मातीत. वरून पाहणाऱ्याला हे काम फार सोपे वाटते. मलाही तसेच वाटत असे.

आता थोडा हिशेब करू. रब्बी ज्वारीला हेक्टरी दहा किलो बी पुरे, आणि दोन ओळींत पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर हवे. म्हणजे एका हेक्टरात बावीस हजार मीटरांहून अधिक लांबीची ओळ होते आणि दर मीटरला जेमतेम अर्धा ग्रॅम बी वाट्याला येते. मालदांडीचे सुमारे तेरा दाणे. बैल सेकंदाला पाऊण मीटराच्या आतबाहेर चालतात. तेव्हा तिफणीच्या तिन्ही ओळी धरल्या तर आजीच्या मुठीतून दर सेकंदाला सुमारे एकोणतीस दाणे सुटत होते, तेही तिन्ही भोकांत सारखे वाटले जाऊन! बैल रेंगाळले की मूठ आवळायची, ते वेगाने चालले की सैल करायची. जमीन एका अंगाला कललेली असली तर बी खालच्या भोकाकडे धावते. म्हणून दाणे वरच्या अंगाला सोडायचे. हे सारे करणारी बाई तोंडाने शेजारणीशी बोलतही असे.

मुठीचे हे काम लाकडा-लोखंडाकडून करून घ्यावे, हा ध्यास माणसाने फार पूर्वी घेतला. नळीतून बी पेरण्याची कल्पना त्याहूनही जुनी आहे. प्राचीन बाबिलोनच्या मुद्रांवर नांगराला जोडलेली उभी नळी आणि तीत बी सोडणारा माणूस कोरलेला आढळतो. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी, हान राजवटीत, अनेक नळ्यांची पाभर चालत होती. युरोपात मात्र बी मुठीने फेकून विखरण्याची रीतच दीर्घकाळ टिकली. १७०१ साली जेथ्रो टल नावाच्या इंग्रज गृहस्थाने ती मोडण्याचा चंग बांधला. हा टल मूळचा वकिलीचे शिक्षण घेतलेला. आपण सांगतो तशा ओळीने बी लावायला त्याचे मजूर तयार होईनात, तेव्हा मजुरांशी वाद घालण्यापेक्षा यंत्रच करावे असे त्याच्या मनाने घेतले. त्याला वाद्यांचा नाद होता. आपल्या संगीत नाटकांनी घरोघर परिचित केलेला जो ऑर्गन, त्याचा चर्चमधला थोरला भाऊ टल वाजवीत असे. त्या वाद्यातली खाच, जीभ आणि कमान यांची जुळणी त्याने बियाच्या पेटीखाली बसविली. चाक फिरले की खाचांचा रूळ फिरे, एकेका खाचेत मावेल तेवढेच बी खाली येई आणि जीभ पुन्हा मिटे.

त्यातली खरी युक्ती खाचेपेक्षा चाकात आहे. रूळ चाकाला बांधला की बी वेळेच्या मापाने न पडता अंतराच्या मापाने पडते. घोडा थांबला तर बी थांबते, पळाला तर बीही पळते. आजीची मूठ बैलांच्या पावलांवर नजर ठेवून जे करीत असे, तेच टलच्या चाकाने केले. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातच जेम्स कुक याने खाचांऐवजी चकतीला लहान लहान पळ्या लावल्या. एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाचा पन्हळीदार रूळ आला. तो बाजूला सरकविला की बियाचे प्रमाण कमीजास्त करता येऊ लागले.

इंग्लंडात अशी खटपट चालू असताना आपल्याकडे काय होते? १७९० नंतरच्या काही वर्षांत कॅप्टन हॅल्कॉट हा कंपनीचा अधिकारी आंध्र देशात घोड्यावरून चालला असता त्याला शेतात एक पाभर चालताना दिसली. तोवर नळीने पेरणी हा युरोपचा नवा शोध आहे अशी त्याची समजूत होती. चौकशी केली तेव्हा कळले की हे औत त्या मुलखात परंपरेने चालत आले आहे. त्याने त्याचे वर्णन लंडनच्या शेतकी मंडळाला लिहून पाठविले. पुढे शंभर वर्षांनी सरकारने डॉ. व्होएल्कर या रसायनशास्त्रज्ञाला हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला आणले. त्याच्या १८९३ च्या अहवालात देशी पाभरीचे मोठे कौतुक आहे. औत पाहावे तर ओबडधोबड, पण काम पाहावे तर नामी, असा त्याचा अभिप्राय होता.

पण औताचे कौतुक करताना त्याच्यामागून चालणाऱ्या हाताचे कौतुक करायचे राहून गेले. पाभरीत बी वाटणारे जे यंत्र आहे, ते लाकडाचे नसून हाडामांसाचे होते. त्याला पाच बोटे होती.

आमच्या पुण्याला शेतीच्या शास्त्राचा वारसा जुना आहे. १८७९ साली इथल्या सायन्स कॉलेजात शेतकीचे वर्ग निघाले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिवाजीनगरचे शेतकी महाविद्यालय स्वतंत्र झाले. त्याचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली ग्रंथ लिहिला. आज जिथे उंच इमारतींखेरीज काही दिसत नाही, तिथे मॅनसाहेबांना दिसले की १७७१ साली चाळीस एकरांच्या सरासरीचे धारण त्यांच्या काळापर्यंत सात एकरांवर येऊन ठेपले आहे, तेही विखुरलेल्या तुकड्यांत. अशा तुकड्यांवर विलायती पेरणीयंत्र कोण आणणार? गावचा सुतार बलुत्यावर पाभर करून देत होता. १९०३ पासून लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला, लाकडी नांगर हळूहळू मागे पडला, पण पाभर पुष्कळ काळ लाकडाचीच राहिली. शिवाय आमच्याकडे एका शेतात एकच बी कुठे असते? ज्वारीत ओळीआड करडई, बाजरीत तूर. त्यासाठी पाभरीमागे दोरीने एक सुटे नळे बांधून दुसरी बाई चाले. चाडे एकच, पण त्यातून मुठीला ज्वारी, हरभरा, गहू सारे पेरता येई. खाचांच्या रुळाला ते एकाच मापात साधत नसे.

म्हणून इथल्या शास्त्रज्ञांनी सुधारणा केली ती पाभरीला धरून. पुण्याजवळ मांजरीला १९२३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, दहा वर्षांनी सोलापुरास केंद्र निघाले. पुढे अशा संशोधनातून आणि कृषी विद्यापीठाच्या शिफारशींतून 'दोन चाड्यांची पाभर' शेतकऱ्यांना ठाऊक झाली. एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत. बियाच्या जवळ पण त्याला भाजणार नाही असे खत ओलीत पडू लागले. ही सुधारणा किती समंजस! जुने मोडले नाही, हाताला निकामी ठरविले नाही. शेजारी आणखी एक हात उभा केला.

माझी स्वतःची सुधारणा मात्र इतकी समंजस नव्हती.

१९७१ साली मी पुण्यात यंत्रविद्या शिकत होतो. टलचे चरित्र नुकतेच वाचले होते आणि अंगात त्याचा संचार झाला होता. पत्र्याची पेटी, जुन्या सायकलचे चाक आणि साखळी, लेथवर खाचा पाडलेला सागवानी रूळ, असे बियाचे यंत्र मी तयार केले. वसतिगृहाच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरून ते ओढून पाहिले. मीटरला बारा, तेरा, चौदा दाणे! हस्ताच्या पावसानंतर वाफसा येताच ते घेऊन गावी गेलो आणि तिफणीचे चाडे सोडून त्या जागी माझी पेटी बसविली. वडिलांना ते तितकेसे रुचले नव्हते. आजी म्हणाली, "करू द्या त्याला. पोरगा शिकलाय."

मूठ धरायचे काम नसल्याने ती नुसतीच मागून चालत होती. चौथ्या-पाचव्या तासाला तिने मान कलती केली.

"बाळा, मधल्याचा आवाज येत न्हाई."

"आजी, यंत्राचा आवाज हा असाच."

"यंत्राचा न्हाई रं. बियाचा."

मी पेटीत डोकावलो. रूळ फिरत होता, बी उतरत होते. मी बैल हाकायला सांगितले. आजी दोन तास आणखी मागून चालली आणि मग बांधावर जाऊन बसली. दिवस मावळेपर्यंत दीड एकर पेरून झाले.

सहा दिवसांनी कोंब वर आले. दोन ओळी हिरव्या, एक काळी. पुन्हा दोन हिरव्या, एक काळी. मधल्या फणाच्या भोकात ओल्या काळ्या मातीचा बोळा बसला होता. नळी बियाने भरली, मग बी नळीच्या तोंडावरून बाहेर सांडत गेले आणि पाखरांनी टिपले. माझ्या रुळाने आपले माप चोख घातले होते, ते पोहोचले की नाही हे पाहणे त्याच्या कामात नव्हते. बांबूच्या नळीतून दाणे उतरताना बारीक सळसळ होते, आणि ती बंद पडली की फण उचलून काडीने भोक मोकळे करायचे, हे चाड्यावरची बाई बोलता बोलता करीत असते. एवढी मोठी गोष्ट मला कोणत्याही पुस्तकात दिसली नव्हती आणि घरच्या माणसाला मी विचारली नव्हती.

वरची ओल उडाली होती. दुबार पेरणीचा प्रश्नच नव्हता. आजी मला रागे भरली नाही. पेटीवर हात ठेवून एवढेच म्हणाली, "ह्याला हात हायेत, पर कान न्हाईत."

पुढचे साल १९७२ चे. त्या सालाबद्दल मराठी वाचकाला सांगायला नको. वैरणीअभावी आम्हांला एक बैल विकावा लागला. तो माझ्या यंत्रापायी गेला असे म्हणणे खरे होणार नाही. दुष्काळ साऱ्या महाराष्ट्राचा होता. पण त्या दीड एकरात किती पेंढ्या कडबा कमी आला आणि त्यावर बैल आणखी किती दिवस निघाला असता, हा हिशेब मी आजही मनातल्या मनात करतो.

पुष्कळ वर्षांनी मला कळले की १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पेरणीयंत्राच्या नळीत प्रकाशाचा झोत सोडून दाणे पडतात की नाही हे सांगणारे उपकरण निघाले होते. टलनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी यंत्राला कान फुटले ते असे! आज आमच्या भागात ट्रॅक्टरमागची पेरणीयंत्रे भाड्याने मिळतात. ज्वारी-गव्हाला पन्हळी रूळ, भुईमुगासारख्या ठिसूळ बियाला तो फुटू नये म्हणून तिरकी चकती किंवा पळ्या. सोयाबीनला तर पेरता पेरता रुंद वरंबा काढणारे यंत्र. साध्यातल्या साध्या यंत्रालाही आता पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या असतात, मागच्या माणसाला बी उतरताना दिसावे म्हणून. मला त्या नळ्या दिसल्या की समाधान वाटते. ज्याने कुणी त्या पहिल्याने बसविल्या, त्याने शेतात मागून चालणाऱ्या माणसाला नक्कीच काही विचारले असले पाहिजे.

मूठ धरणाऱ्या बायांचा रोज गेला, तसे त्यांचे कंबरमोडे चालणेही गेले. त्याबद्दल खोटे उसासे टाकायची माझी इच्छा नाही. आजीला विचारले असते तर तीही म्हणाली असती, बरे झाले. फक्त यंत्रात जे आज आहे ते कुणाच्या अंगी होते, याची नोंद कुठेतरी असावी, एवढ्यासाठी हे लिहिले.

असो. पूजा झाल्यावर नातवाने डब्यातून मूठभर ज्वारी आणली. वर्तमानपत्र पसरून मी चाडे दोन पाटांवर टेकविले आणि बोटांच्या फटीतून दाणे सोडू लागलो. तिन्ही भोकांखाली तीन ढीग झाले. नातवाने ते मोजले. एकात एकतीस, दुसऱ्यात चौपन्न, तिसऱ्यात नऊ.

"पुन्हा करा, आजोबा," तो म्हणाला.

दिवाळीच्या पाडव्यापर्यंत आम्ही रोज करून पाहणार आहोत.