ब्रायन एपस्टीन : बखर आणि दाखला

सरकारी कचेरीत ज्यांचे आयुष्य जाते त्यांना एका तारखेचे मोल निराळे सांगावयास नको. सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावर जन्मतारखेचा एक आकडा चुकला, तर निवृत्तीच्या वेळी त्या आकड्यापायी माणसाला किती खेटे घालावे लागतात, हे आम्ही नित्य पाहतो. असे असूनही गेल्या वर्षी एका स्मरणिकेसाठी बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या जुलै १९६६ मधील दिल्लीभेटीवर टिपण लिहिताना, त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टीन याच्याविषयी आम्ही चार ओळी लिहिल्या आणि त्या चार ओळींत चार चुका केल्या. आडनाव ‘एपस्टाइन’ असे लिहिले. मृत्युसमयी त्याचे वय ३३ दाखविले. दुकानात एक गिऱ्हाईक येईपर्यंत त्याने बीटल्सचे नावही ऐकले नव्हते, असे ठोकून दिले. आणि शेवटी, त्याने आत्महत्या केली, असेही लिहून मोकळे झालो. पुढे एका निवृत्त मराठी अधिकाऱ्यांचे पत्र आले. त्यात एकच प्रश्न होता : ‘यास आधार काय?’ आधार नव्हता. प्रस्तुत लेख हे त्या पत्राचे उत्तर होय.

प्रथम नाव. आपल्या आडनावाचा उच्चार तो स्वतः ‘एपस्टीन’ असा करीत असे. एखाद्याचे आडनाव कसे उच्चारावे, हे सांगण्याचा पहिला अधिकार त्याचाच असतो. परप्रांतात ज्यांच्या आडनावाची रोज मोडतोड होते, त्या आपल्यासारख्यांनी तरी हे विसरू नये. जन्म १९ सप्टेंबर १९३४, लिव्हरपूल. मृत्यू २७ ऑगस्ट १९६७, लंडन. केवळ सालांची वजाबाकी केली तर ३३ येतात. परंतु वाढदिवसास २३ दिवस उरले होते. म्हणून पुरी झालेली वर्षे ३२.

त्याचे आजोबा लिथुआनियातून आलेले ज्यू निर्वासित. त्यांनी लिव्हरपूलमध्ये फर्निचरचे दुकान घातले. त्याच व्यवसायाला पुढे ‘नॉर्थ एंड म्युझिक स्टोअर्स’, म्हणजेच ‘नेम्स’, हे वाद्यांचे व ध्वनिमुद्रिकांचे दुकान जोडले गेले. ब्रायनला नट व्हावयाचे होते. लंडनच्या राजकीय नाट्य अकादमीत तो दाखलही झाला, परंतु अभ्यासक्रम अर्धवट टाकून दुकानात परतला. आणि व्हाइटचॅपल या रस्त्यावरील शाखेत ध्वनिमुद्रिकांची विक्री त्याने भरभराटीस आणली.

आता त्या प्रसिद्ध गिऱ्हाइकाची कथा. ‘अ सेलरफुल ऑफ नॉइझ’ हे एपस्टीनचे आत्मचरित्र १९६४ मध्ये निघाले. त्याचे शब्दांकन डेरेक टेलर यांनी केले. त्यात तो सांगतो की, २८ ऑक्टोबर १९६१ रोजी, शनिवारी, दुपारी तीनच्या सुमारास एक तरुण दुकानात आला आणि त्याने बीटल्सची ‘माय बॉनी’ ही मुद्रिका मागितली. तेव्हा कुठे या मंडळींचा शोध सुरू झाला. त्या तरुणाचे नावही पुस्तकात दिले आहे. कथा गोड आहे आणि आम्ही ती जशीच्या तशी उचलली.

परंतु बिल हॅरी यांचे ‘मर्सी बीट’ हे नियतकालिक जुलै १९६१ पासून लिव्हरपुलात निघत होते आणि एपस्टीनच्याच दुकानात विकले जात होते. २० जुलैच्या दुसऱ्या अंकाच्या पहिल्या पानावर बीटल्सच्या मुद्रणकराराची बातमी होती. ३ ऑगस्टच्या तिसऱ्या अंकापासून तर त्यात मुद्रिकांवरील सदर खुद्द एपस्टीन लिहू लागला. ज्या पत्रात आपण लिहितो व जे आपण विकतो, त्यात पुनःपुन्हा येणारे नाव तीन महिने नजरेस पडले नाही, हे संभवत नाही.

येथेच थांबलो असतो, तर आम्ही पाचवी चूक केली असती. कारण पुढे एपस्टीनचा सहायक अ‍ॅलिस्टर टेलर याने सांगितले की, असा कोणी तरुण आलाच नव्हता. मागणीवहीत भरावयाला नाव हवे म्हणून आपणच ते कल्पनेने लिहिले. प्रत्यक्ष दुकानात बसणाऱ्याचीच ही साक्ष! अनेकांनी ती प्रमाण मानली आणि गोष्ट खोटी ठरविली. नंतर तो मनुष्य खरोखरच सापडला आणि त्याने आपण दुकानात गेल्याचे सांगितले. मार्क लेविसन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत चरित्रखंडातही तो खरा मानला आहे. तात्पर्य, गिऱ्हाईक खरे. पण त्यापूर्वी नाव ऐकलेच नव्हते, हा भाग संशयास्पद. बखरीवर अविश्वास दाखविला म्हणजे इतिहास साधला, असे नव्हे. खंडन करणाऱ्यालाही दाखला मागावा लागतो. राजवाड्यांनी अस्सल कागदांचा आग्रह धरला तो याचसाठी.

कागदाचेही एक उदाहरण येथे आहे. एपस्टीन ९ नोव्हेंबर १९६१ रोजी टेलरसह ‘कॅव्हर्न’ या तळघरातील क्लबात गेला आणि बीटल्सना त्याने प्रत्यक्ष ऐकले. व्यवस्थापनाचा पहिला करार २४ जानेवारी १९६२ चा. त्यावर चौघा वादकांच्या सह्या आहेत, साक्षीदार म्हणून टेलरची सही आहे. परंतु खुद्द एपस्टीनची सही नाही! आपणाकडून काही साधले नाही, तर या मुलांना मोकळे होता यावे, असा आपला हेतू होता, असे कारण त्याने पुढे दिले. त्याची सही पुढील करारावर, १ ऑक्टोबर १९६२ च्या, आढळते. तोवर ड्रमवादक पीट बेस्ट जाऊन रिंगो स्टार आला होता, आणि पार्लोफोनची पहिली मुद्रिका चार दिवसांवर होती. म्हणून ‘एपस्टीनने जानेवारीत करारावर सही केली’ असे लिहिणारा करार पाहून लिहीत नाही, एवढे निश्चित समजावे.

आत्मचरित्रात जे नाही त्याचाही विचार करावा लागतो. एपस्टीन समलिंगी होता, आणि इंग्लंडात पुरुषांमधील असे संबंध तेव्हा गुन्हा ठरत. एकवीस वर्षांवरील पुरुषांच्या खाजगी संबंधांपुरता तो कायदा २७ जुलै १९६७ रोजी सैल झाला. त्याच्या मृत्यूपूर्वी बरोबर एक महिना. १९६४ च्या पुस्तकात या बाबतीत मौन आहे, ते लबाडीचे नव्हे, धाकाचे आहे. साक्षीदार गप्प का, हे न पाहता त्याला खोटा ठरविणे हा अन्याय होय.

आता आमची सर्वांत मोठी चूक. १७ जुलै १९६७ रोजी त्याचे वडील वारले. २७ ऑगस्टला तो स्वतः आपल्या लंडनच्या घरी मृतावस्थेत आढळला. बीटल्स त्या वेळी वेल्समधील बँगोर येथे महर्षी महेश योगींच्या शिबिरात होते. निराशेचे प्रसंग त्याच्या आयुष्यात येऊन गेले होते. त्यावरून लोकांनी तर्क बांधला, आणि आम्ही तो तर्क वस्तुस्थिती म्हणून छापला. परंतु सप्टेंबरमध्ये झालेल्या चौकशीत मृत्यूनिर्णेत्याने निकाल दिला तो अपघाती मृत्यूचा : झोपेचे औषध शरीरात हळूहळू साचत गेल्याने तो घडला. कोणाच्या मनात त्या रात्री काय होते, हे आमच्यासारख्याने साठ वर्षांनी दिल्लीत बसून ठरवू नये. दप्तरात जे नोंदले आहे ते सांगावे, आणि जो तर्क आहे त्याला तर्कच म्हणावे.

एका नाचगाण्याच्या टोळक्याच्या कारभाऱ्यासाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. राजेरजवाड्यांच्या तिथी शोधणारे पुष्कळ असतात. पडद्यामागे राहून दुसऱ्याचे काम तडीस नेणाऱ्या माणसाची नोंद मात्र कोणीही कशीही लिहितो, आणि ती दुरुस्त करावयाला तो उरलेला नसतो. आपण कचेरीतील माणसे त्याच जातीची.

सेवापुस्तिकेत चूक दुरुस्त करताना जुनी नोंद खरवडून काढावयाची नसते. ती वाचता येईल अशी आडवी रेघ ओढावी, वर खरी नोंद करावी, आणि सही करून तारीख घालावी, असा रिवाज आहे. गेल्या वर्षीच्या आमच्या चार ओळींवर आम्ही तशी रेघ येथे ओढीत आहोत. पत्र लिहिणाऱ्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचे आम्ही ऋणी आहोत.