षोडशमानातील अंककोडे : रुपये-आण्यांपासून यंत्रापर्यंत

शब्दकोड्याचा इतिहास २१ डिसेंबर १९१३ या दिवसापासून सांगण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी आर्थर विन यांनी रचलेले कोडे 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकात प्रसिद्ध झाले. त्याच कुळातील अंककोड्याचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. अंककोड्यात घरांमध्ये अक्षरांऐवजी अंक भरावयाचे असतात आणि सूत्रे संख्यांच्या गुणधर्मांची असतात : आडवी संख्या पूर्ण वर्ग आहे, उभी संख्या मूळ आहे, इत्यादी. अशा कोड्यांतील एक कठीण मानला गेलेला प्रकार षोडशमान, म्हणजेच हेक्साडेसिमल, पद्धतीत सोडवावा लागतो. हा प्रकार कठीण वाटण्याचे कारण गणिती कमी आणि ऐतिहासिक अधिक आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

इंग्लंडमध्ये या परंपरेला प्रतिष्ठा दिली ती बीबीसीच्या 'द लिसनर' या साप्ताहिकाने. १९२९ मध्ये सुरू झालेल्या या नियतकालिकात १९३० पासून शब्दकोडे येऊ लागले. १९९१ मध्ये साप्ताहिक बंद पडले, तरी कोडे 'द टाइम्स'मध्ये चालू राहिले. वर्षातून चार वेळा ते अंकांचे असते. १९३० च्या दशकातच 'डॉग्ज मीड' किंवा 'लिटल पिग्ली' या नावांनी ओळखले जाणारे एक शेतजमिनीचे अंककोडे लोकप्रिय झाले. ते सोडविण्यास २० शिलिंगांचा पौंड, ४ रूडांचा एकर आणि ४८४० चौरस यार्डांचा एकर ही कोष्टके माहीत असावी लागत. त्या काळच्या वाचकाला ती मुखोद्गत होती. वेगवेगळ्या पायांवर हिशेब करणे हे त्याचे रोजचे काम होते. त्याला कोणी 'संख्यापद्धती' असे भारदस्त नाव दिले नव्हते इतकेच.

आपल्याकडील स्थितीही निराळी नव्हती. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) आरंभीच नाण्यांचे कोष्टक येते : २० वराटकांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. शेवटच्या दोन पायऱ्या पाहाव्यात. एका निष्काचे पण २५६, म्हणजे सोळाचा वर्ग. पुढे रुपयाचे १६ आणे झाले आणि शेराचे १६ छटाक. सोळाच का, याचे उत्तर तराजूत आणि वाटणीत आहे. रुपयाची अधेली, अधेलीची पावली, पावलीची चवली, चवलीचा आणा. चार वेळा निम्मे केले की सोळावा भाग हाती येतो. कोणतेही मापनसाधन नसताना निम्मे करता येते, दशांश करता येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. सोळा आण्यांचा रुपया म्हणजे षोडशमान संख्यापद्धती नव्हे; त्या पद्धतीत शून्य ते पंधरा या प्रत्येकासाठी एका घरात मावणारे चिन्ह हवे. आक्षेप योग्य आहे, परंतु जुन्या वहीखात्यांतील रेघा पाहिल्यास तो बराच सौम्य होतो. चार आण्यांसाठी एक उभी रेघ, आठांसाठी दोन, बारांसाठी तीन. आणि सुट्या एक, दोन, तीन आण्यांसाठी तितक्याच आडव्या वा तिरप्या रेघा. तीन उभ्या आणि एक तिरपी म्हणजे तेरा आणे. पंधरापर्यंतची प्रत्येक संख्या या सहा चिन्हांतून लिहिता येते. ही चिन्हे २००९ मध्ये युनिकोडमध्येही समाविष्ट झाली आहेत. वहीतील मुनीम सोळा 'अंक' वापरीत होता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आणा व्यवहारातून जाऊ लागला. सात वर्षे सहा दिवसांनी, ७ एप्रिल १९६४ रोजी, आयबीएमने सिस्टिम ३६० ही संगणकमालिका घोषित केली. तिच्यात आठ द्विमान अंकांचा बाइट हा एकक होता. त्यापूर्वी छत्तीस द्विमान अंकांच्या यंत्रांना अष्टमान पद्धती सोयीची होती, कारण छत्तीसचे तीन-तीनचे गट पडतात. आठाचे मात्र पडत नाहीत. चारांचे दोन पडतात, आणि चार द्विमान अंकांतून सोळा शक्यता निघतात. म्हणजे कारण पुन्हा तेच, चार वेळा निम्मे करण्याचे. दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरे मुख्यतः या मालिकेनंतर रूढ झाली. त्याआधी इलिनॉय विद्यापीठाच्या इलिअ‍ॅक यंत्रावर के, एस, एन, जे, एफ, एल, तर बेंडिक्स जी-१५ वर यू ते झेड ही अक्षरे होती. याहून पूर्वी, १८६२ मध्ये, जॉन नायस्ट्रॉम या अभियंत्याने फिलाडेल्फिया येथे पुस्तक प्रसिद्ध करून वजने, मापे, नाणी सर्वच सोळाच्या पायावर आणण्याची योजना मांडली होती. त्याने अंकांना नवी नावेही दिली. ती योजना कोणी स्वीकारली नाही.

आता प्रत्यक्ष कोडे पाहू. मोठ्या जाळ्याची गरज नाही. दोन आडव्या व दोन उभ्या ओळींची चार घरे पुरेशी आहेत. सूत्रे अशी : वरची आडवी संख्या पूर्ण वर्ग, डावी उभी संख्या पूर्ण घन, खालच्या आडव्या संख्येचे दोन्ही अंक समान, उजवी उभी संख्या मूळ. कोणतीही संख्या शून्याने सुरू होत नाही. पाया कोणता, हे सांगितलेले नाही.

वाचक साहजिकच दहाचा पाया गृहीत धरतो. दोन अंकी घन दोनच : २७ आणि ६४. पहिला घेतल्यास वरचा वर्ग २५, खाली ७७ आणि उजवीकडे ५७. दुसरा घेतल्यास वर ६४, खाली ४४ आणि उजवीकडे ४४. दोन्ही पर्याय बाद, कारण ५७ म्हणजे १९ त्रिक ५७. (थोर गणिती अलेक्झांडर ग्रोथेंडिक यांनी उदाहरणादाखल एक मूळ संख्या म्हणून ५७ सांगितली, अशी आख्यायिका आहे, घाईतल्या वाचकाने तीच चूक केल्यास कोडे सुटल्यासारखे वाटेल.) विसंगती हाती आली की पाया तपासणे क्रमप्राप्त ठरते.

सोळाच्या पायावर दोन अंकी घन चार आहेत : १बी, ४०, ७डी आणि डी८. डी ने सुरू होणारा दोन अंकी वर्ग नाही, म्हणून शेवटचा गळतो. ४० घेतल्यास खालची संख्या शून्याने सुरू होते. १बी घेतल्यास वर १० किंवा १९ हवेत. १० मुळे उजवी संख्या शून्याने सुरू होते, आणि १९ मुळे ती ९बी होते. ती मूळ आहे का, हे पाहण्यास दशमानात रूपांतर करण्याचे कारण नाही. आपल्या पद्धतीत अंकांच्या बेरजेवरून ९ ची कसोटी लागते, तशी येथे १५ ची आणि म्हणून ३ व ५ ची लागते. नऊ आणि अकरा वीस, पाचने भाग जातो, ९बी बाद. उरतो ७डी. वर ७९, म्हणजे अकराचा वर्ग, खाली डीडी, उजवीकडे ९डी, म्हणजे १५७, जी मूळ आहे. कोडे सुटले, आणि एकाच प्रकारे सुटले.

अशा कोड्यांत अडखळविणारी गोष्ट कोणती? आकडेमोड नव्हे. मूळ संख्या ५ ने संपत नाही, ही दशमानाची सवय येथे दगा देते : षोडशमानात २५ ही मूळ संख्या आहे, कारण ती आपली ३७. उलट काही नियम येथे अधिक कडक आहेत. वर्गाचा शेवटचा अंक केवळ ०, १, ४ किंवा ९ असू शकतो. म्हणजे कोणताही वर्ग अक्षराने संपत नाही. काही संख्या दोन्ही जगांत सारख्याच राहतात. ३१ चा वर्ग ९६१ हे दोन्ही पायांवर खरे आहे, जरी एकीकडे तो आपल्या ३१ चा आणि दुसरीकडे ४९ चा वर्ग असला तरी. हातचा घ्यावा लागत नसल्याने पाया बदलला तरी गुणाकाराचे रूप बदलत नाही. रचनाकार अशा संख्या मुद्दाम पेरतो, आणि वाचकाला आपण दहाच्या पायावरच आहोत असे बराच वेळ वाटत राहते.

आपल्या अभ्यासक्रमात हा घटक बहुधा रूपांतराच्या उदाहरणांपुरताच असतो : भागा, बाकी लिहा, उलट क्रमाने वाचा. सोळाच्या पायावर विचार करण्याची वेळ विद्यार्थ्यावर येत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला ती रोज येत होती. वरील उत्तर त्या पिढीच्या वहीत उतरवून पाहता येते. डावी उभी संख्या ७डी म्हणजे ७ रुपये १३ आणे. त्याचे आणे १२५, पाचाचा घन. वरची ७९ म्हणजे ७ रुपये ९ आणे, एकूण १२१ आणे. उजवी ९ रुपये १३ आणे. आणि खालच्या ओळीतील डीडी, जी संगणकाच्या पडद्यावर परकी वाटते, ती १३ रुपये १३ आणे : तेराचा आकडा, आणि त्यापुढे तीन उभ्या रेघा, एक तिरपी.